चौदा जणी आणि एक समुद्र

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ असं आम्ही परभणीकर छाती फुगवून सांगतो खरं; पण आमच्या परभणीत एक गोष्ट काही केल्या मिळत नाही, ती म्हणजे समुद्र! रेल्वेनं मुंबई सुमारे साडेपाचशे किलोमीटर. त्यामुळे आमच्या भिशी मंडळातल्या चौदा जणींपैकी नऊ जणींनी समुद्र पाहिला होता तो फक्त सिनेमात. पाणी म्हणजे येलदरीचं धरण, नाहीतर गंगाखेडची गंगा. (गोदावरीला आमच्याकडे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात.) आणि घरातलं पाणी म्हणजे नळाला येईल त्या दिवशी हंडे, घागरी, पिंप, बादल्या, एवढंच काय पातेलीसुद्धा भरून ठेवायची!

दर वर्षी संक्रांतीला भिशीच्या पैशांतून आम्ही वाण आणतो. स्टीलचे डबे, प्लॅस्टिकच्या चाळण्या, असंच काहीतरी. घरोघर त्यांची उतरंड लागलीय. शिवाय आमच्यातल्या तिघी जणींना हळदीकुंकवाचं बोलावणं जात नाही, ही गोष्ट मनात सलायची ती वेगळीच. म्हणून यंदा मीच म्हटलं, ‘‘वाण राहू द्या. रथसप्तमी झाली की सगळ्या मिळून समुद्र बघून येऊ. त्यात सवाष्ण कोण अन् कोण नाही, हा प्रश्नच नको!’’

त्या तिघींतल्या एक माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला ‘आत्याबाई’ म्हणतात. वय सदुसष्ट. माहेर गंगाखेडकडचं, अगदी गंगेच्या काठचं. पण नदीकाठी जन्मलेल्या या बाईला पाण्याची भयंकर भीती. सहा-सात वर्षांच्या असताना आजोळी जाताना नाव कलंडली होती. माणसं सगळी वाचली, पण आईनं त्यांना पाण्यातून बाहेर काढलं ते शेंडीला धरून. तेव्हापासून त्या नावेत बसल्या नाहीत. नाशिकला गेलो होतो तेव्हासुद्धा काठाच्या पायरीवर बसून तांब्यानं अंगावर पाणी घेतलं. म्हणाल्या, ‘‘पुण्य तांब्यातूनबी मिळतंय की!’’

तेव्हा त्या येणार नाहीत, हे मी गृहीतच धरलं होतं.

पाऊणकीचा पाढा

ठरवाठरवी सुरू झाली. माझ्या धाकट्या जावेचं माहेर अलिबागचं. तिला फोन लावला, तर ती म्हणाली, ‘‘वहिनी, मुंबईत गर्दीत फिरण्यापेक्षा कॅटामरानने मांडव्याला जा, तिथून अलिबाग. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं. किल्ला भर समुद्रात आहे. एका दिवसात होतं सगळं. फक्त ओहोटी दुपारी असेल असा दिवस धरा.’’

‘‘आता ओहोटी कधी ते मी परभणीत बसून कसं सांगू?’’

‘‘अहो, सोपं आहे. तिथीची पाऊणपट करायची. जी वेळ येईल ती भरतीची. तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटी. आमचे कोळी लोक असंच मोजतात. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण अंदाज येतो.’’

मी कागद-पेन्सिल शोधू लागले. इतक्यात शेंगा सोलत बसलेल्या आत्याबाई मान वर न करताच म्हणाल्या, ‘‘दशमी धर. दहा पाऊणे साडेसात. साडेसाताला भरती, दीडाला ओहोटी.’’

मी बघतच राहिले! चौथीपर्यंतची शाळा, पण पावकी-निमकी-पाऊणकी अजून तोंडपाठ. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांनीच पुढचं सांगितलं, ‘‘सप्तमी-अष्टमीला नगं. तवा पाणी पुरतं हटत नसंल. अष्टमीचा चंद्र अर्धाच असतो नव्हं?’’ जावेला विचारलं तर ती म्हणाली, अगदी बरोबर! अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास असतो ‘भांग’, तेव्हा चढ-उतार कमी. दशमी म्हणजे मधली सोय.

माघ शुद्ध दशमी नक्की झाली. आत्याबाईंनी शेंगांची टरफलं सुपात भरली आणि म्हणाल्या, ‘‘हिशोब म्या केला, तर मलाबी न्यावं लागंल.’’

घरातली परवानगी

हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. दोन रात्री रेल्वेत आणि मधला दिवस समुद्रावर; पुरुष माणूस एकही बरोबर नाही. शिवाय 18 डिसेंबर 2024 ची बातमी सगळ्यांच्या घरी ताजी होती. त्या दिवशी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. आमच्या ह्यांनी ती बातमी पुन्हा काढून दाखवली. मी म्हटलं, ‘‘रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण एस.टी.त बसायचं सोडलंय का? बोटीत चढल्याबरोबर सगळ्या जणी लाइफ जॅकेट घालू. जॅकेट नसतील तर चढणारच नाही.’’ हा नियम मी मंडळाच्या वहीत लिहून चौदा जणींच्या सह्या घेतल्या, तेव्हा कुठे घरोघरचे चेहरे जरा सैल झाले.

धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आलेपाक आणि प्रत्येकीची दोन बाटल्या पाणी असं सामान घेऊन आम्ही संध्याकाळची देवगिरी पकडली. मानवत रोड, सेलू, परतूर, जालना… जागेपणी मोजलेली स्टेशनं एवढीच. सकाळी उठलो ती मुंबईत.

दोन पोटांची बोट

सीएसएमटीच्या स्त्रियांच्या प्रतीक्षालयात तोंडं धुऊन टॅक्सीनं गेटवेला गेलो. 1911 साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज मुंबईला उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली, ती पुरी झाली 1924 साली. राजा गेला, राज्य गेलं. आता कमानीपुढे फोटो काढायला आम्ही, नऊवारी-पाचवारीतल्या परभणीच्या बायका!

कमानीपलीकडे समुद्र दिसला आणि बोलणंच थांबलं. आमच्यातली सगळ्यात बोलकी मैत्रीणसुद्धा एकच वाक्य म्हणाली, ‘‘याला पलीकडचा काठच नाही की गं!’’

कॅटामरान म्हणजे काय, हे तिथं कळलं. साधी बोट म्हणजे एक पोट. हिला खाली दोन पोटं असतात, एकमेकांपासून अंतरावर, आणि त्या दोहोंवर मिळून वरचा मजला ठेवलेला. बाई दोन पाय फाकवून घट्ट उभी राहिली की कशी ढकलली जात नाही, तसंच. त्यामुळे ही बोट एका बाजूला फारशी कलत नाही. शब्द मूळचा तमिळ. ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा तो ‘कट्टुमरम’. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि जगभर नेला. आमच्या आत्याबाईंना हे सांगितलं तर त्यांचा एकच प्रश्न, ‘‘दोन पोटं हायती, म्हंजी कलंडत न्हाई ना?’’

‘‘सहजासहजी नाही.’’

‘‘सहजासहजी म्हंजी?’’

याला काय उत्तर देणार! मी त्यांच्या गळ्यात केशरी जाकीट घातलं, पट्टे आवळले. बोटीत चढायच्या पायऱ्या ओल्या असतात आणि पाणी खालीवर होत असतं. तिथं चपला हातात घेऊन खलाशाच्या हाताला धरून चढणं उत्तम. आत्याबाई चढल्या त्या डोळे मिटूनच. खालच्या खोलीत बरोबर मधल्या बाकावर बसल्या आणि पदराचं टोक दातात धरलं.

बोट निघाली. मागं कमान आणि ताजमहाल हॉटेल लहान लहान होत गेलं. उजवीकडे नांगरलेली मोठमोठी जहाजं. बोटीच्या मागे पांढरे कुरव पक्षी घिरट्या घालत होते. थंडीत ते दुरून पाहुणे म्हणून येतात. लोक त्यांना कुरकुरीत तळलेलं खाणं फेकतात. ते त्यांच्या पोटाला बरं नाही. आम्ही आपलं नुसतं बघितलं.

एकदोघींना मळमळू लागलं. त्याला उपाय सोपा आहे. मान खाली घालून फोनमध्ये बघू नये. दूर, जिथं पाणी आणि आभाळ मिळतं तिथं नजर ठेवावी, आणि आलेपाकाचा तुकडा चघळावा. रिकाम्या पोटीही बसू नये आणि गच्च खाऊनही नाही. ज्यांना फारच त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून आधी गोळी घ्यावी.

तासाभरात मांडवा आलं. रस्त्यानं मुंबईहून अलिबाग शंभर किलोमीटरच्या घरात. समुद्रानं हे एवढंसं! आत्याबाईंनी डोळे उघडले ते धक्क्याला बोट टेकल्यावर.

‘‘आलं?’’

‘‘आलं.’’

‘‘बरं झालं. आता जाताना एस.टी.नं जाऊ.’’

समुद्रातला किल्ला

मांडव्याहून बसनं अलिबाग. कॅटामरानच्या तिकिटातच ही बस धरलेली होती. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा किल्ला अजून पाण्यात होता. चारी बाजूंनी लाटा, मधे काळी तटबंदी. आम्ही वाळूत बसून वाट बघू लागलो आणि नवल म्हणजे खरंच पाणी हटू लागलं! आधी खडकांची डोकी दिसली, मग ओल्या वाळूचा पट्टा, मग त्यावरून घोडागाड्या निघाल्या. साडेबाराच्या सुमाराला आम्हीही साड्या खोचून निघालो. घोट्याएवढं पाणी, शेवाळलेले खडक, पायाखाली शिंपल्यांची टोचणी. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी आहेच. आत्याबाईंना आम्ही गाडीत बसवलं.

हा किल्ला शिवाजी महाराजांच्या शेवटच्या काळात, 1680 साली बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या वेळी पुरा झाला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून समुद्रावर राज्य केलं. 1729 साली ते वारले तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही त्यांनी दाद दिली नाही. तटाचे दगड बघण्यासारखे आहेत. मोठमोठे चिरे एकावर एक ठेवलेत, मधे चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं, जोर ओसरतो आणि भिंत उभी राहते. आमच्यातली एक म्हणाली, ‘‘सासरी असंच राहावं लागतं. थोडं आत घ्यायचं, थोडं सोडून द्यायचं!’’ सगळ्या जणी एवढ्या हसल्या की तिकिटाच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली.

आत गणपतीचं देऊळ आहे, 1759 साली रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं. गणपतीबरोबर शिव, विष्णू, सूर्य आणि देवी असं पंचायतन. उत्तरेच्या बाजूला इंग्रजांच्या दोन तोफा चाकाच्या गाड्यांवर उभ्या आहेत. त्यांच्यावर 1849 साल कोरलंय. तिथून समुद्रात दूर खांदेरी-उंदेरी ही दोन बेटं दिसतात. 1679 साली महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी आरमार आणून अडवायचा प्रयत्न केला. पण किल्ला झालाच. 2025 साली युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे.

मी हे सगळं मैत्रिणींना मोठ्या उत्साहानं सांगत होते. मोजणी केली तर तेराच! आत्याबाई नव्हत्या.

विहीर

जीव असा वरखाली झाला! चारी बाजूंनी समुद्र आणि पाण्याला भिणारी बाई. तटावर बघितलं, देवळात बघितलं. शेवटी सापडल्या त्या एका विहिरीपाशी. एक बाई पोहऱ्यानं पाणी शेंदत होत्या आणि आत्याबाई ओंजळ करून उभ्या होत्या.

‘‘आत्याबाई, खारं असेल ते!’’

त्यांनी ओंजळ तोंडाला लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘गोड हाय गं.’’

त्या बाईंनी सांगितलं, किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, देवळापुढे पुष्करणी आहे. असं कसं? पावसाचं पाणी खडकात मुरतं आणि साठतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगल्यासारखं राहतं. बेतानं काढलं तर टिकतं. फार उपसलं तर खालचं खारं वर येतं. म्हणूनच पूर्वीच्या लोकांनी समुद्रात किल्ला बांधताना आधी गोडं पाणी बघितलं. तोफा नंतर.

आत्याबाई विहिरीच्या काठावर टेकल्या आणि आम्हा सगळ्यांसमोर, कधी नव्हे ते, बहात्तर सालच्या दुष्काळाचं बोलू लागल्या. 1972. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला आईबरोबर जायच्या. दुपारी सुकडी मिळायची. गंगा आटलेली. वाळूत झिरा खोदून वाटी-वाटीनं पाणी भरायचं. एक घागर भरायला किती वेळ लागायचा ते त्यांनी सांगितलं नाही; नुसता हात हलवून वाटी कशी धरायची ते दाखवलं.

‘‘म्या सकाळधरनं मनात म्हणत व्हते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘देवानं सगळं पाणी इकडंच वतलं, आपल्याकडं कायबी न्हाई ठिवलं. पर इथल्या बायाबी एका विहिरीवरच जगल्या की. येवढा समुद्र भवताली अन् प्यायला ओंजळभर. आपल्यावानीच.’’

कुणीच काही बोललं नाही. जिला बोलकी म्हणतात तिनं पोहरा घेतला आणि त्या अनोळखी बाईंची कळशी भरून दिली.

परतीचं पाणी

एवढ्यात पहारेकऱ्याची शिट्टी ऐकू आली. घड्याळ बघते तर सव्वातीन! अडीचला निघायचं मी स्वतः वहीत लिहिलं होतं. दुसऱ्यांना नियम शिकवणारी मी, तोफांच्या सन-सनावळीत वेळ विसरले. हा दोष माझाच.

दरवाज्यातून बाहेर आलो तर सकाळची वाळू गायब. पाणी गुडघ्याला आलेलं आणि वाढत चाललेलं. घोडागाडी एकच उभी. गाडीवान म्हणाला, ‘‘आज्जींना अन् चार जणींना घेतो. बाकीच्यांनी माझ्या मागं मागं या, सरळ रेषेत. इकडंतिकडं जाऊ नका.’’

आमच्यातल्या दोघींना गुडघेदुखी, एकीला रक्तदाब. त्या चढल्या. आणखी एक चढली. आत्याबाईंना हात दिला तर त्या मागं सरकल्या.

‘‘ती पोरगी भ्यायलीय, तिला बसवा,’’ असं म्हणून त्यांनी आमच्यातल्या सगळ्यात लहान, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या मुलीला पुढं ढकललं. ती खरंच रडवेली झाली होती. तिच्या मागोमाग आणखी एकीला चढवलं. मग त्यांनी काष्टा घट्ट केला, माझा हात धरला आणि पाण्यात पाऊल टाकलं.

त्यांचा हात थरथरत होता, हे मी खोटं सांगणार नाही. लाट आली की त्या थांबायच्या, माझी बोटं दुखेपर्यंत आवळायच्या, लाट गेली की चालायच्या. तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं रामरक्षा. कान देऊन ऐकलं तर, ‘‘एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन…’’

काठाला लागलो तेव्हा पाढा दुसऱ्यांदा म्हणून झाला होता. वाळूत बसून आम्ही धपाटे खाल्ले. तसे धपाटे आजवर खाल्ले नव्हते, अन् पुन्हा कधी लागतील असं वाटत नाही.

एस.टी.नं जायचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही. संध्याकाळच्या कॅटामरानमध्ये जाकीट स्वतःच मागून घेतलं, पट्टे स्वतः आवळले, आणि खालच्या खोलीत न जाता वरच्या मोकळ्या गच्चीवर माझ्या शेजारी बसल्या. सूर्य बुडाला, मुंबईचे दिवे लागले. त्या बघत होत्या. डोळे उघडे ठेवून.

तुम्हाला जायचं असेल तर

मैत्रिणींनो, ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. पावसाळ्यात गेटवे-मांडवा कॅटामरान बंद असते. मोठी गाडी घेऊन जायचं असेल तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जहाज जातं. ते 2020 साली सुरू झालं, त्यात मोटारीसुद्धा चढतात. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत असतात, निघण्यापूर्वी विचारून घ्या. तिथीचा हिशोब घरी करा, पण किनाऱ्यावर पोचल्यावर ओहोटीची नेमकी वेळ तिथल्या माणसांना विचारा आणि किल्ल्यातून निघायची वेळ ठरवून एकीच्या हातात घड्याळ द्या. जी गोष्टी सांगते तिच्या हातात नको! रबरी चप्पल, सुती साडी किंवा सलवार-कमीज, एक जोड कोरडे कपडे, फोनसाठी प्लॅस्टिकची पिशवी एवढं पुरे. आणि जाकीट. ते विसरू नका.

रात्रीच्या देवगिरीत आम्ही मेल्यासारख्या झोपलो. सकाळी परभणीला उतरलो तर एकादशी. घरी आले तो ह्यांनी साबुदाणा भिजवून ठेवलेला, आणि त्याच दिवशी नेमकं नळाला पाणी आलेलं! पिंप, हंडे, बादल्या सगळं ह्यांनी आणि मुलानं भरून ठेवलं होतं. पातेलीसुद्धा.

आत्याबाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकची बाटली काढली आणि देवघरात गंगेच्या गडूशेजारी ठेवली. मला वाटलं समुद्राचं पाणी आणलं असेल.

‘‘छ्या! खारं कशाला आणू?’’ त्या म्हणाल्या. ‘‘विहिरीचं हाय.’’